पगार ठाण्याचा, घर नाशिकचं

तुमचं पत्र थोडक्यात असं: ऑफिस ठाण्यात, पण आठवड्यातून दोनच दिवस जायचं. हातात 85 हजार, शिल्लक 14 लाख. कल्याणचा 58 लाखांचा वन बीएचके घ्यावा की नाशिकच्या पाथर्डी फाट्याचा 44 लाखांचा टू बीएचके? दोन्हींचं बांधकाम चालू आहे.

कल्याण सोडा. बँक किमतीच्या 80 टक्क्यांहून जास्त कर्ज देणार नाही, म्हणजे 11.60 लाख तुमचे. त्यावर 5 टक्के जीएसटी, 2.90 लाख. मुद्रांक शुल्काच्या आधीच शिल्लक संपली.

नाशिकमध्ये मात्र एक खोच आहे. 45 लाखांपर्यंतच्या घराला जीएसटी 1 टक्काच, पण कार्पेटची, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेची, अट आहे: नाशिकला 90 चौरस मीटर, कल्याणसकट मुंबई महानगर प्रदेशात 60. तुमचा फ्लॅट 68 चा, म्हणजे इथे बसतो. पण बिल्डर पार्किंगचे 2 लाख वेगळे मागतोय ना? तेही किमतीत धरतात. बेरीज 46 लाख, कर 44 हजारांऐवजी 2.30 लाख! पार्किंग धरून 45 च्या आत आणा, हटून बसा.

तरीही आज घेऊ नका. नाशिक तुम्हाला स्वस्त वाटतं ते ठाण्याच्या पगारामुळे. 35 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता 30,400 च्या आसपास. उद्या ऑफिसने पाचही दिवस बोलावलं तर? पंचवटी एक्स्प्रेसने रोज जाणारे आहेत, पण तुमची दोन लहान मुलं बघता ते मी सुचवणार नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत 50 हजारच मिळतील, असं तुम्हीच लिहिलंय. त्यात हा हप्ता म्हणजे निम्म्याहून जास्त पगार.

वर्षभर पाथर्डी फाट्यालाच 13 हजारांच्या भाड्याने राहा. वहिनींना शाळेत 20 हजार मिळणार आहेत, ती नोकरी रुळू द्या. महिना 40 हजार बाजूला टाकलेत तर कर्ज 31 लाखांवर येईल, हप्ता 27 हजारांच्या आत. दोघांच्या नाशिकच्या पगारातही तो निघेल. भाव 45 च्या वर गेलाच, तर तयार घर बघा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटीच नाही. ‘कुंभाआधी घ्या’ हा घोषा 2015 लाही ऐकलाय.

आणि टोकन दिलंय का, ते कळवा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.