काम जिथे संपतं तिथपर्यंत

पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तू आलीस, पोह्यांची बशी हातात धरून अर्धा तास बोललीस आणि पोहे तसेच ठेवून गेलीस. काकूला ते लागलं. मला तुझं एक वाक्य लागलं. म्हणालीस, "काका, मला कामाचा कंटाळासुद्धा येत नाही." कंटाळा आला असता तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. कंटाळलेल्या माणसाला निदान काहीतरी हवं असतं.

तू हिंजवडीत बसून गाडीच्या सीटखालच्या पत्र्याच्या ब्रॅकेटांची कॉम्प्युटरवर मॉडेलं करतेस. चार वर्षांत दीडशेच्या वर झाली म्हणालीस. त्यातलं एखादं कधी हातात धरलंस का, असं विचारलं तर हसलीस. साहेब चांगला, पगार एक तारखेला, खुर्ची अशी की आमच्या जनरल मॅनेजरलाही नव्हती. आता दुसरीकडून 40 टक्के जास्तीची ऑफर आलीय, घेऊ का म्हणतेस. घे, नाहीतर सोड, ते तुझं तू बघ. मी एकच विचारणार आहे आणि पत्रभर तेच विचारणार आहे. तुझं ब्रॅकेट पुढे कुठे जातं?

1978 साली मी टूलरूममध्ये अप्रेंटिस लागलो. पहिला पंच, म्हणजे पत्रा कापणारा वरचा ठोकळा, बसवायला आठवडा गेला. कानस मारून मारून तळहाताची सालं निघाली. मापं मायक्रोमीटरवर चोख आली, तसा मी हात धुवायला निघालो. आमच्या मिस्त्रींनी कॉलर धरून मला प्रेस शॉपमध्ये नेलं. टूल प्रेसवर चढवलं, पत्रा सरकवला, पहिला तुकडा खाली पडला. मिस्त्री म्हणाले, "फिरव बोट." एका कडेला करवतीसारखी बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कुसळं. पंच आणि डाय, म्हणजे तो ज्यात शिरतो तो खालचा साचा, यांच्यामध्ये साध्या पोलादी पत्र्याला दर बाजूला जाडीच्या 5 ते 10 टक्के फट लागते. माझा पंच केसभर सरकलेला होता. एका बाजूला फट जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. बेंचवर ते मला दिसलं नव्हतं, पत्र्याने एका फटक्यात दाखवलं. "टूल बेंचवर संपत नसतं रे, प्रेसवर संपतं," एवढं बोलून ते चहाला निघून गेले.

दोन दिवस पुन्हा घासलं. मग जो तुकडा पडला त्याच्या कडेवर चकचकीत पट्टा चारी बाजूंनी सारखा होता, खाली तुटलेला खरखरीत भागही सारखा. तो मी खिशात घालून घरी आणला. अजून आहे. काकू त्याच्या भोकात उदबत्ती खोचते.

तू चार वर्षांत एकदाही प्रेसपाशी गेली नाहीस. मग बरं कसं वाटावं?

आम्हाला एकदा ट्रेनिंगला बसवून हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल शिकवलं होतं. त्याने पिट्सबर्गकडच्या 200 च्या आसपास इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं, की नोकरीत फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. 1959 मध्ये त्याने ते छापलं. पगार, साहेब, जागा, नियम बिघडले की माणूस वैतागतो, पण ते सुधारल्याने तो खूश होतोच असं नाही. बरं वाटलेल्या आठवणी बहुतेक कामाच्याच निघाल्या, काहीतरी तडीस नेल्याच्या. शिकवणाऱ्याने फळ्यावर चौकोन काढले, आम्ही माना डोलावल्या आणि पुढच्या आठवड्यात मॅनेजमेंटने काय सुधारलं असेल? कँटीनची भजी.

अहमदाबादची गोष्ट मला जास्त पटते. 1953 मध्ये माणसं काम कशी करतात याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक राइस कॅलिको मिलच्या ज्युबिली गिरणीत आले. आपोआप चालणारे नवे माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हतं. विणणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, प्रत्येकाचे माग शेडभर विखुरलेले. हा माग कुणाचा, असं विचारलं तर कुणालाच सांगता येईना. मग छोट्या टोळ्या केल्या आणि एकेका टोळीकडे ठरावीक माग सोपवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. गिरणी पुढे बंद पडली, तो भाग निराळा. पण तुझ्या ऑफिसात तुझा माग कुठला, सांग बघू.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. क्लायंट जर्मनीत आहे, एनडीए म्हणजे गुप्ततेचा करार आहे, आम्हाला कोण दाखवणार. पोरी, मागितलंस का कधी? पहिल्या लॉटचा फोटो माग. रिजेक्शनचा रिपोर्ट माग. नाही म्हणाले तर महिन्याने परत माग. नव्या कंपनीच्या इंटरव्ह्यूलाही हेच विचार, की माझं ड्रॉइंग पुढे कुठे जातं आणि मला ते बघता येईल का. समोरचा गोंधळला तर 40 टक्क्यांची किंमत तुला तिथेच कळेल.

आता तू मनात म्हणत असशील, काकांना बोलायला काय जातं. बरंच गेलं. 1994 मध्ये मला प्लॅनिंगला बढती मिळाली, काचेची केबिन मिळाली. सव्वीस महिने दुसऱ्यांच्या टूलांच्या तारखा लिहिल्या आणि मग अर्ज करून परत बेंचवर आलो. ग्रेड गेली. मुलाला हॉस्टेलवर ठेवणं परवडलं नाही, त्याने रोज एसटीने जाऊन-येऊन डिप्लोमा केला. त्याने कधी तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. लोक म्हणाले, जबाबदारीला घाबरला. थोडा घाबरलोही असेन, मीटिंगा इंग्रजीत चालायच्या. पण मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. काकूला काय वाटतं ते तिला विचारू नकोस. चिंचवडच्या रस्त्यावर कुणाची स्कूटर उभी दिसली की मी अजून वाकून खालचं ब्रॅकेट बघतो आणि काकू चार पावलं पुढे जाऊन अनोळखी असल्यासारखी उभी राहते.

जाताना तू पेपरच्या कडेला पेनाने तुझं एक ब्रॅकेट काढून दाखवलंस. त्यातलं एक भोक वाकाला अगदी चिकटून होतं. पत्रा वाकवताना ते ओढलं जाणार आणि लंबगोल होणार. स्क्रीनवर ते गोलच दिसत राहील. पलीकडे कुणीतरी चार वर्षं तुझी भोकं मुकाट्याने सरकवून घेत असेल आणि तुला शिव्याही घालत असेल. त्या शिव्या तुझ्या हक्काच्या आहेत, तुझ्यापर्यंत पोचायला हव्यात.

माझ्या जुन्या जोडीदाराचं भोसरीत छोटं प्रेस शॉप आहे. येत्या शनिवारी दहा वाजता ये. कंपनीचं ड्रॉइंग आणू नकोस, भानगड नको. पेपरवर काढलंस तसं साधं काहीतरी काढून आण, भोक वाकाजवळच ठेव. दोन मिलीचा पत्रा कापू, वाकवू आणि काय होतं ते बघू. बूट घालून ये, चपलांवर आत सोडत नाहीत. आणि पोहे खाऊन जायचंय, काकूने निरोप सांगितलाय.

तुझा,
काका