काळं दिसणारं उपग्रहचित्र

प्रश्न : सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र उतरवून घेतलं. लाल बँडची, म्हणजे फक्त लाल प्रकाश टिपणारी, फाइल टिफ प्रकारात बदलून गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर सगळं जवळजवळ काळं. फाइल खराब आहे का? आणि रंग कुठे गेले?

उत्तर : फाइल शाबूत असणार, पुन्हा उतरवायची घाई करू नका. चित्रावर माउस नेऊन पिक्सेलचे आकडे वाचा. हजार, दोन हजार, तीन हजार असे आकडे दिसले, तर माहिती जागेवर आहे.

या चित्रात जमिनीवरून परत फिरलेल्या प्रकाशाचं प्रमाण १०,००० ने गुणून ठेवलेलं असतं; २०२२ पासूनच्या चित्रांत त्यात आणखी १,००० मिळवलेले असतात. १६ बिटांच्या फाइलमध्ये मात्र ६५,५३५ पर्यंतचे आकडे मावतात. फोटोचं सॉफ्टवेअर ही सगळी पट्टी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवतं. मग ३,००० चा पिक्सेल पडद्याच्या ० ते २५५ या मापात जेमतेम १२ वर येतो. डोळ्याला तो काळाच.

यावर उपाय स्ट्रेचचा, म्हणजे आकड्यांची वापरात असलेली पट्टीच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणण्याचा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, थराच्या गुणधर्मांत जा आणि दोन्ही टोकांचे २ टक्के पिक्सेल वगळून उरलेली पट्टी ताणा. शेतं, नदी, रस्ते एकदम वर येतात. इतक्या वर्षांनंतरही तो क्षण मला फार आवडतो. यात बदलतं ते फक्त दिसणं, मूळ आकडे तसेच राहतात.

रंगांचं म्हणाल, तर प्रत्येक बँडची फाइल वेगळी असते. बँड ४ लाल, ३ हिरवा, २ निळा. तिन्ही एकत्र केले की ओळखीचे रंग दिसतात. लालच्या जागी बँड ८ घाला, म्हणजे जवळचा अवरक्त, डोळ्याला न दिसणारा प्रकाश. हिरवीगार झाडी लालभडक दिसेल, कारण निरोगी पानं तो प्रकाश भरपूर परतवतात. हे चौघे १० मीटरचे, म्हणजे एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर रुंद, १०,९८० बाय १०,९८० पिक्सेलचे. बँड ११ मात्र २० मीटरचा, म्हणजे ५,४९० पिक्सेलचा. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये तो यांच्यावर नीट बसत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मूळ फाइलवर फोटोच्या सॉफ्टवेअरमधून कधीही सेव्ह करू नका. मी एकदा उजेड वाढवून तसं केलं आणि चित्राची नकाशावरची जागाच पुसली गेली. अक्षांश-रेखांशांशी जोडणारी माहिती टिफच्या आत असते, ती अशा वेळी सहज गळून पडते. प्रत काढा आणि रंगांचे प्रयोग तिच्यावरच करा.