रात्रभर चालणाऱ्या मशीनला बोर्ड कुठला घ्यायचा?

प्रश्न : नमस्कार सर, मी ऐरोलीत राहते आणि इंटिरियरचं थ्रीडी काम घरूनच करते. दिवसा मॉडेलिंग, रात्री रेंडर (मॉडेलवरून अंतिम चित्रं तयार करायचं काम) लावून झोपायचं आणि सकाळी क्लायंटला पाठवायचं असं चालू असतं. आता नवीन मशीन बनवतेय, प्रोसेसर इंटेलचा आय७ चौदावी जनरेशन ठरलाय. लॅमिंग्टन रोडवर दोन कोटेशन मिळाली, एकात १४७००के आणि झेड७९० मदरबोर्ड, दुसऱ्यात साधा १४७०० आणि बी७६० बोर्ड, कूलर धरून पंधरा हजारांच्या आसपास फरक पडतोय. दुकानदार म्हणतो झेडच घ्या, ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, करता येईल, फ्युचर प्रूफ आहे. मला आत्ता तरी ओव्हरक्लॉक करायचं नाहीये, पण पुढे गरज पडली तर? उगाच पैसे वाचवून नंतर पस्तावायला नको. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, साधा १४७०० आणि बी७६० घ्या, फक्त बी७६०मधला सगळ्यात स्वस्त बोर्ड घेऊ नका. का ते सांगतो.

दोन्ही प्रोसेसरमध्ये कोर सारखेच आहेत, एकूण २०, त्यातले ८ मोठे आणि १२ छोटे, थ्रेड २८. १४७००के चा टर्बो, म्हणजे सर्वोच्च वेग, ५.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि साध्याचा ५.४ पर्यंत. इंटेलने ठरवलेली जास्तीत जास्त पॉवर १४७००के साठी २५३ वॅट, साध्याला २१९. म्हणजे तुम्ही जे पंधरा हजार जास्त देणार ते या थोड्याशा फरकासाठी आणि वर मल्टिप्लायर (ज्यावर प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) वाढवायची मुभा मिळावी म्हणून, कारण इंटेलमध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर के वाला चिप आणि झेड चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) दोन्ही लागतात. बी७६०वर रॅमचा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं तयार सेटिंग) चालतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही वाढवता येत. आणि फ्युचर प्रूफचं म्हणाल तर यांच्या एलजीए १७०० सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) प्रवास चौदाव्या जनरेशनवरच संपला, २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० सिरीजला नवीन सॉकेट आहे, त्यामुळे झेड७९० घेऊनही पुढचा प्रोसेसर त्यावर बसणार नाहीच.

आता वेगाचा हिशोब करू. समजा ३० सेकंदांचा वॉकथ्रू (घरातून फिरल्यासारखा व्हिडिओ) आहे, सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे ९०० फ्रेम, एका फ्रेमला ४ मिनिटं लागली तर ६० तास. ओव्हरक्लॉक करून ५ टक्के वेग वाढला तर त्यातले तीनेक तास वाचतील, ते कमी नाहीत, मान्य. पण रात्री एक वाजता मशीन रिस्टार्ट झालं आणि तुम्ही सकाळी सातला उठून बघितलं तर एका रात्रीत सहा तास गेले, आणि क्लायंट तर नऊला फोन करणार. त्यात क्लॉक ५ टक्के वाढवायला व्होल्टेज ८ टक्के वाढवावं लागलं असं धरा, तर वीज आणि उष्णता सुमारे २२ टक्क्यांनी वाढते कारण पॉवर क्लॉकच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जानेवारीत एसी लावून टेस्ट केलेला ओव्हरक्लॉक आपल्याकडे मे महिन्यात, पंखा फुल आणि खोली ३४-३५ डिग्रीला असताना तसाच टिकेल याची मला तरी अजिबात खात्री वाटत नाही, कारण खोली दहा डिग्रीने तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो.

पण मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. तुम्ही ओव्हरक्लॉक केलं नाही म्हणून मशीन स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, चाललंय असं समजू नका. कित्येक बोर्ड स्वतःहूनच पॉवरची मर्यादा उघडून ठेवतात. काही बोर्डांवर पहिल्यांदा बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगचा प्रोग्राम) गेलं की साधाभोळा प्रश्न येतो, कूलर कुठला बसवलाय, बॉक्सवाला, टॉवर की वॉटर? आपण खरं तेच उत्तर देतो, वॉटर, आणि त्या एका क्लिकने पॉवर लिमिट होतं ४०९६ वॅट, म्हणजे लिमिटच नाही. २०२४मध्ये तेराव्या आणि चौदाव्या जनरेशनचे प्रोसेसर क्रॅश व्हायला लागले तेव्हा इंटेलने जी कारणं दिली त्यात बोर्डांची अशी मर्यादेबाहेरची सेटिंग हे एक होतं, आणि दुसरं म्हणजे प्रोसेसरचा स्वतःचा मायक्रोकोडच (त्याच्या आतला प्रोग्राम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. जास्त व्होल्टेज आणि तापमानाने चिपमधलं सर्किट हळूहळू म्हातारं होतं आणि झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही. इंटेलने तेव्हा वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, बॉक्समधल्या प्रोसेसरला एकूण पाच वर्षं. म्हणून प्रोसेसर सीलबंद बॉक्समधलाच घ्या, ट्रेवाला सुटा स्वस्त पडतो पण वॉरंटीसाठी मग विकणाऱ्याच्याच मागे फिरावं लागतं. पक्कं बिलही घ्या.

मशीन घरी आलं की रेंडर लावायच्या आधी बायोस अपडेट करून घ्या. मायक्रोकोडचे उपाय २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून येत गेलेत, तेव्हा बोर्ड कंपनीच्या साइटवर जे सगळ्यात नवीन असेल ते टाका. मग बायोसमध्ये इंटेल डिफॉल्ट सेटिंग असा पर्याय असतो तो निवडा, मल्टिकोर एन्हान्समेंट (सगळे कोर मर्यादेबाहेर पळवणारा पर्याय) दिसलं तर बंद करा आणि पॉवर लिमिटचे आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कुठलाही २१९च्या वर नको, चार हजार काहीतरी दिसलं तर हाताने बदला. हे सगळं यूपीएसवर मशीन असतानाच करा बरं का, अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड उठत नाही. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर अशा वेळी पेनड्राइव्हवरून परत जिवंत करता येतो, त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी द्या.

चांगला बोर्ड कसा ओळखायचा? प्रोसेसरच्या डावीकडे आणि वर जे व्हीआरएम असतं ते पीएसयूकडून (पॉवर सप्लाय) आलेले १२ व्होल्ट उतरवून साधारण १.२ करतं. प्रोसेसर २०० वॅट ओढत असेल तर तिथून १६५च्या आसपास अँपिअर वाहतात, घरातल्या मोठ्या एमसीबीच्याही कितीतरी पट, आणि तेही रात्रभर. स्वस्त बी७६०वर या भागावर हीटसिंकच (उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा) नसतो, उघडे चौकोनी काळे ठिपके दिसतात. तो बोर्ड बेंचमार्कची दहा मिनिटं मस्त चालतो आणि तासाभराने तापून प्रोसेसरचा वेग खाली आणतो, म्हणजे मशीन क्रॅश होत नाही पण रेंडर लांबत जातो आणि कळतही नाही का. दोन्ही बाजूंना जाड, स्क्रूने बसवलेला हीटसिंक असलेलाच बोर्ड घ्या. वाचलेल्या पंधरा हजारांतले तीन-चार इथे घाला, उरलेल्यात ब्रँडेड पीएसयू आणि शुद्ध साइन वेव्हवाला (घरातल्या विजेसारखीच वीज देणारा) यूपीएस बघा, हल्लीचे ॲक्टिव्ह पीएफसीवाले पीएसयू स्वस्त यूपीएसवर कधीकधी नेमकं लाइट जाताना बंद पडतात.

एक्सएमपीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, तोही ओव्हरक्लॉकच आहे, रॅमचा. रॅमची चूक दर वेळी निळी स्क्रीन दाखवत नाही, कधी एखाद्या फ्रेममध्ये काळा चौकोन येतो, कधी फाइल सेव्ह होते आणि पुढच्या आठवड्यात उघडत नाही. चालू करायचा असेल तर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावा, एक जरी एरर आली तरी रॅमचा वेग एक पायरी खाली आणा. डीडीआर५मध्ये चिपच्या आत ईसीसी (चूक दुरुस्त करायची सोय) असतं म्हणून निर्धास्त राहू नका, प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटेवर होणारी चूक ते पकडत नाही. आणि महिन्यातून एकदा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडून डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या पिवळ्या वॉर्निंग आहेत का बघत जा. मशीन वरवर मजेत चालू असताना तिथे हार्डवेअरची चूक दुरुस्त केल्याच्या नोंदी येत असतात, क्रॅश व्हायच्या बरंच आधी.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, ठाण्यात वर्तकनगरला राहतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० घेतोय आणि मला ओव्हरक्लॉकिंग शिकायचंय. मित्र म्हणतात एक्स६७०ई बोर्डच पाहिजे, बाबा म्हणतात सगळ्यात साधा बोर्ड घे. ए६२० चालेल का? – एक विद्यार्थी

उत्तर : ए६२० नको, त्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही. बी६५० घे, त्यात सगळं होतं, एक्स६७०ईचे जादा पैसे मुख्यतः जादा पीसीआयई लेन (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडायच्या वाटा) आणि पोर्टचे असतात. तुझ्या रायझनचं एएम५ सॉकेट २०२७ आणि पुढेही चालू ठेवू असं एएमडीने म्हटलंय, तर इथे बोर्ड बरा घेतलेला पुढे कामी येईल.

शिकायचं म्हणतोस याचा मला मनापासून आनंद आहे. १९९८मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर यायचा, बस (बोर्डाचा मूळ वेग) ६६ वरून १०० केली की ३००चा थेट ४५० मेगाहर्ट्झ, फुकटात दीडपट. आता तसं घबाड मिळत नाही कारण कंपनी स्वतःच चिप शेवटपर्यंत ताणून विकते. तुझ्या ७६००ला पीबीओमध्ये (एएमडीचं वेग वाढवायचं बायोसमधलं सेटिंग) २०० मेगाहर्ट्झ वाढव, ५.१चा ५.३ गिगाहर्ट्झ होईल, म्हणजे ७६००एक्सचा आकडा. खरी मजा त्यातल्याच कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये आहे, तिथे व्होल्टेज कमी करत जायचं, वेग तोच राहून किंवा वाढून चिप थंड राहते. उणे १० पासून सुरू कर. गंमत अशी की जास्त उणे गेलास तर गेम खेळताना, बेंचमार्कला काहीच होत नाही आणि मशीन नुसतं रिकामं बसलेलं असताना रिस्टार्ट होतं, म्हणून फक्त फुल लोडच्या टेस्टवर समाधान मानू नकोस, दोन-चार दिवस रोजचं काम करून बघ.

एका आकड्याला मात्र हात लावायचा नाही, एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं). २०२३च्या एप्रिलमध्ये एक्स्पो (एएमडीचा एक्सएमपी) चालू केल्यावर काही बोर्ड हे व्होल्टेज इतकं वर नेत होते की रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाले, अक्षरशः सॉकेटसकट, मग एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. बायोस नवीन ठेव. ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, एक्स्पोसुद्धा त्यात धरतात. बोर्ड आला की आधी क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसायच्या) पिना कुठे आहेत ते मॅन्युअलमध्ये शोधून ठेव, त्या लागणार म्हणजे लागणारच. सबमिशनच्या आठवड्यात सगळं डिफॉल्टवर आण, म्हणजे बाबांनाही बोलायला जागा राहणार नाही. घोडबंदर साइडला घर असतं तर धुळीचंही वेगळं सांगितलं असतं, पण वर्तकनगरलाही दर दोन-तीन महिन्यांनी कॅबिनेटचे फिल्टर काढून धुवायला हरकत नाही.

प्रश्न : खारघरला माझे क्लासेस आहेत, लेक्चरचे व्हिडिओ एडिट करतो. बी६५० बोर्डावर ६००० स्पीडच्या दोन रॅम छान चालत होत्या, तशाच आणखी दोन आणून लावल्या तर स्क्रीनच येत नाही. बोर्ड बिघडला का? – एक वाचक, खारघर

उत्तर : बहुतेक नाही. एएम५वर रॅम बदलली की बोर्ड पहिल्यांदा ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो, त्यात स्क्रीन काळी राहते, कधी दहा मिनिटंही जातात, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. तरी नाही आलं तर सीमॉस क्लिअर करून एक्स्पोशिवाय चालू करा. चार स्टिक लावल्यावर रायझन ७०००ची अधिकृत हमी ३६००ची आहे, ६००० मिळाले तर नशीब, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेले किट एकाच मॉडेलचे असले तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. जास्त मेमरी हवी असेल तर चारही स्टिक विकून दोन मोठ्या घ्या, घेताना बोर्डाच्या क्यूव्हीएल (कंपनीने तपासलेल्या रॅमच्या) यादीत तो मॉडेल नंबर आहे ना हे दुकानातच फोनवर तपासा. तोपर्यंत नवीन दोन काढून ठेवा आणि जुन्या दोन प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.