वय ८२, तब्येत खूप खालावलेली, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ६.४ टक्के. आजोबांची शुगर उत्तम आहे ना?

नाही, ते ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिनवर असतील तर ६.४ धोक्याचा आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन अशा थकलेल्या, अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी ८ टक्क्यांच्या आत एवढंच पुरेसं मानते. जेवण अर्ध्या पोळीवर येतं, किडनी मंदावते, गोळी मात्र तीच राहते. मग शुगर घसरते. घाम, थरथर दिसेलच असं नाही, असंबद्ध बोलणं किंवा पहाटे बाथरूमला जाताना पडणं हीच खूण असू शकते (घरचे म्हणतात, वय झालं!). ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आली आणि नीट गिळता येत असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. डोस डॉक्टरांकडूनच कमी करून घ्या. नुसत्या मेटफॉर्मिनवर (मधुमेहाची दुसरी एक गोळी) असतील तर हा धोका फार कमी, पण वजन घटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.