मेलचं बटण दाबलं की भलताच प्रोग्राम उघडतो, कीबोर्ड बदलू का?

अजिबात बदलू नका. बटण दाबल्यावर काहीतरी उघडतंय ना? मग बटण ठणठणीत आहे. कीबोर्ड फक्त एक कोड पाठवतो, त्यावर काय उघडायचं ते विंडोज ठरवते.

एवढी साधी गोष्ट आमच्या ऑफिसातल्या सिस्टिमवाल्या साहेबांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले होते. अकाउंट्सच्या मॅडमनी कॅल्क्युलेटरचं बटण दाबलं की म्युझिक प्लेअर सुरू व्हायचा, तोही फुल्ल आवाजात. महिनाअखेरीच्या गडबडीत अख्खं डिपार्टमेंट दचकायचं. साहेबांनी नवा कीबोर्ड जोडला. परत गाणं! मग म्हणे व्हायरस असेल, फॉरमॅट मारू. यांचं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध.

मी म्हटलं, आधी माझ्या लॉगिनने बघू. कॉम्प्युटर तोच, कीबोर्ड तोच, आणि कॅल्क्युलेटर निमूट उघडला. म्हणजे घोळ मॅडमच्या प्रोफाइलपुरता. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवते तिथे, करंट युजरखाली (इथे फक्त लॉगिन केलेल्या युजरच्या नोंदी असतात) सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर असं करत ॲपकीपर्यंत, म्हणजे कीबोर्डच्या खास बटणांच्या नोंदींपर्यंत, गेलो. तिथे १८ नंबर कॅल्क्युलेटरच्या बटणाचा. त्याच्या शेलएक्झिक्यूटमध्ये, म्हणजे काय उघडायचं त्या नोंदीत, चक्क म्युझिक प्लेअरचा पाथ! आधीच्या कीबोर्डसोबत आलेल्या युटिलिटीचा, म्हणजे बटणं सेट करायच्या छोट्या सॉफ्टवेअरचा, प्रताप. युटिलिटी केव्हाच काढून टाकलेली, नोंद मात्र तशीच. पाथच्या जागी 'कॅल्क डॉट ईएक्सई' टाकलं, साइन आउट करून परत लॉगिन केलं, विषय संपला. साहेब अजूनही म्हणतात, "नव्या कीबोर्डनेच फरक पडला." असो.

तुमच्या मेलच्या बटणाचा नंबर १५. तिथे मुळात प्रोग्रामचं नाव नसतंच, 'मेलटू' असतं. म्हणजे मेलटूसाठी (मेल पत्त्याच्या लिंकसाठी) जो डीफॉल्ट प्रोग्राम असेल तोच उघडणार. तो सेटिंग्जमधल्या डीफॉल्ट ॲप्समध्ये जाऊन बदला. तरी फरक नाही पडला तरच रेजिस्ट्रीत शिरा, आणि करंट युजरमध्ये १५ ची वेगळी नोंद दिसते का बघा. ती असेल तर लोकल मशीनमधली, म्हणजे सगळ्या युजर्ससाठीची, मूळ नोंद त्यापुढे चालत नाही.

कोणी फॉरमॅट सुचवलाच तर त्याला विचारा, दुसऱ्या लॉगिनने बघितलंत का? उत्तर येणार नाही, लिहून घ्या.

हां, रेजिस्ट्रीत हात घालण्याआधी ती 'की' (नोंदींचा तो फोल्डर) एक्सपोर्ट करून, म्हणजे तिची कॉपी काढून, ठेवा. आणि कीबोर्डच्या कंपनीची युटिलिटी अजून चालू असेल तर आधी तिच्यात बघा, नाहीतर तुम्ही बदलाल आणि ती परत आपलंच खरं करेल.