दहा नंबरची सुई, घोंगडीची लोकर आणि बाळाचं टोपडं

कोजागरी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. नाशिकला पहाटे खिडकी लावून घ्यावी लागते, माळ्यावरच्या पिशव्या खाली येतात आणि गेल्या वर्षी अर्धवट राहिलेली बाही हातात घेऊन मंडळी लिहायला बसतात. या खेपेच्या बऱ्याच पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे: नमुन्यात लिहिलेलं खरं मानायचं की हातातली लोकर सांगते ते? माझं मत ठाम आहे. लोकर सांगते ते खरं. नमुना ज्याने लिहिला त्याच्या हातात तुमची लोकर नव्हती.

ताई, आईने सांगलीहून तिच्या वहीतला नमुना पाठवला. "चारपदरी लोकर, १० नंबरची सुई, पाठीला १२० टाके." मी इथल्या दुकानातून १० नंबरच्याच सुया आणल्या. पण विणकाम इतकं रुंद आणि झिरझिरीत येतंय की एका पाठीत दोन माणसं मावतील. कुठे चुकतंय?
— एक वाचक, न्यू जर्सी

तुमचं काहीच चुकलेलं नाही, आईचंही नाही. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, १२ नंबर म्हणजे २.७५. अमेरिकेत बरोबर उलटं. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि १० नंबरची सुई चक्क ६ मिलिमीटरची असते. आईची १० नंबर म्हणजे तुमच्याकडची ३ नंबर, आणि तिची ८ नंबर म्हणजे तुमच्याकडची ६ नंबर. यापुढे नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा. पाकिटावर तर असतातच, बहुतेक सुयांच्या डोक्यावरही असतात.

आता सुई बदलाल, पण तेवढ्याने भागणार नाही, कारण १२० हा आकडा आईच्या हाताचा आहे. तिच्या हाताने १० सेंटीमीटरमध्ये २८ टाके बसत असतील, तर १२० टाक्यांची पाठ साधारण ४३ सेंटीमीटर होते. तुमचा हात जरा सैल असेल आणि २६ च टाके बसले, तर तीच पाठ ४६ वर जाते. पुढचा भाग धरला तर छातीत ६ सेंटीमीटरचा फरक पडला. म्हणून आधी १५ सेंटीमीटरचा चौकोन विणा, धुवा, सपाट पसरून वाळवा आणि मग मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजा. कडेचे टाके ओढलेले असतात, ते धरायचे नाहीत. न धुता मोजलेल्या चौकोनाचा उपयोग नाही, कारण लोकर पाण्यात गेल्यावरच आपला खरा आकार घेते.

आणि एक करा. आईला फोन करून सांगा, की त्याच वहीतून विणलेला एखादा जुना स्वेटर काढ आणि त्यावर पट्टी ठेवून टाके मोज. तो आकडा आणि सुईचे मिलिमीटर वहीत नमुन्याशेजारी लिहून ठेवा. अशा वह्यांत "१ सु., २ उ., दोनाचा एक" (सु. म्हणजे सुलट टाका, उ. म्हणजे उलट) सगळं असतं, हा एवढा तपशील मात्र नसतो, आणि त्याच्यावाचून पुढच्या पिढीचं अडतं.

सुनेला पौषात बाळ होईल. बाळंतविडा मीच विणणार आहे. ती म्हणते सुती विणा, लोकर टोचते. दुकानदार म्हणतो बेबी वूल घ्या. काय घेऊ?
— एक होणारी आजी, नागपूर

आधी अभिनंदन. आता लोकरीकडे वळू. दुकानात बेबी वूल म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. ॲक्रिलिक मऊ असतं, यंत्रात धुता येतं, स्वस्त पडतं. पण ते घाम शोषत नाही आणि आचेजवळ वितळून कातडीला चिकटतं. आपल्याकडे न्हाऊ घातल्यावर बाळाला धुरी देतात, शेगडी जवळच असते. त्या वेळी अंगावर ॲक्रिलिकचं काही नको. मेंढीची लोकर सहजी पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच.

सुनेचं म्हणणंही खरं आहे. साधी लोकर टोचते. ज्या लोकरीचा तंतू बारीक, म्हणजे मेरिनो जातीची, ती टोचत नाही. लोकर तळहातावर घासून बघू नका, तळहात राठ असतो. हनुवटीखाली गळ्याला लावून थोडा वेळ ठेवा. तिथे सहन झाली तर ती बाळासाठी चालेल. मेरिनो महाग वाटली तर स्वेटर तेवढा तिचा करा आणि दुपटं सुती धाग्याचं करा. सुती स्वेटर मात्र मी विणणार नाही. सूत ओढलं की परत जागेवर येत नाही, मनगटं दोन धुण्यांत ढगळ होतात.

नागपूरची थंडी पहाटेची, दुपारी ऊन तापतं. तेव्हा घालायला-काढायला सोपं हवं. डोक्यातून घालायचा स्वेटर नको, तान्ह्या बाळाची मान धरत नाही. पुढून उघडा, बटणांचा करा आणि गळ्यापासून खाली विणत या. असा स्वेटर पुढच्या थंडीत कडा उसवून बाह्यांना आणि खाली वाढवता येतो. अगदी जन्माच्या मापाचा करू नका, तो बघता बघता आखूड होतो. घेर ५० सेंटीमीटर धरा. १० सेंटीमीटरला २८ टाके येत असतील तर १४० टाके झाले.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. गळ्याशी बांधायची रिबीन किंवा गोंडा नको. हातमोजे-पायमोजे आतून उलटे करून बघा: लोंबता धागा बोटाभोवती गुंडाळला जातो, रक्त अडतं आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. आणि टोपडं बाहेर नेताना घाला, घरात झोपताना काढून ठेवा. बाळ अंगातली जास्तीची उष्णता डोक्यावाटेही टाकतं, शिवाय टोपडं तोंडावर सरकू शकतं. आजीला टोपडं काढवत नाही हे मला माहीत आहे, तरीही काढा.

लोकरीच्या कपड्यांना दरवर्षी कसर लागते. उपाय?
— एक वाचक, पुणे

स्वच्छ धुऊन, खडखडीत वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. उडणारं पाखरू लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि घामाचे, अन्नाचे डाग पडलेला भाग तिला आधी हवा असतो. एकदा अंगात घातलेला स्वेटर तसाच ठेवू नका. वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला जरूर ठेवा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. शंका आली तर कपडा पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, अंडीसुद्धा मरतात. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. डांबरगोळ्यांच्या वासाने त्यांच्या रक्तपेशी फुटतात आणि मोठी कावीळ होते.

आमच्याकडे धनगर मंडळी मेंढ्या कातरतात, ती लोकर मातीमोल जाते. तिचा सुयांवरचा स्वेटर होईल का?
— एक शिक्षक, माण तालुका, सातारा

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या लोकरीने पिढ्यान्‌पिढ्या माणदेशाला घोंगडं दिलं, तिला आता भाव नाही आणि कातरलेली लोकर टाकून द्यायची वेळ मेंढपाळांवर येते, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला खरंखुरं उत्तर हवं. अंगालगतचा स्वेटर होणार नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाड, आखूड आणि केसाळ असते. घोंगडं चिंचोक्याची खळ लावून मागावर घट्ट विणलं जातं, तिथे हा राठपणा कामाचा असतो. पाऊस अडतो, कापड वर्षानुवर्षं टिकतं. सुयांवरचं विणकाम मोकळं असतं, त्यात तोच राठपणा टोचतो.

पण सदऱ्यावरून घालायचं जाकीट होईल. बैठक होईल, खांद्यावरची पिशवी होईल, घरात घालायच्या सपाता तर फारच छान होतील. यात एक अडचण येईल. हाताने कातलेला एकपदरी धागा सुयांवर घेतला की सगळं विणकाम एका बाजूला तिरकं होत जातं. पीळ एकाच दिशेचा असल्यामुळे धागा उलगडायला बघतो. त्यावर उपाय म्हणजे दोन धागे एकत्र घेऊन टकळीवर उलट दिशेने पीळ द्यायचा. दुपदरी झाला की धागा शांत होतो. सुई ५ किंवा ६ मिलिमीटरची घ्या. आणि लोकर फुकट मिळत असली तरी तिचे पैसे द्या. कातरणाऱ्याला कुणीतरी विकत घेतंय हे कळलं पाहिजे.

ताई, दुसऱ्यांना सांगता ते ठीक, पण तुमच्या सुयांवर सध्या काय आहे?
— एक वाचक, ठाणे

आत्याने काकांसाठी विणलेला मरून स्वेटर. दोन्ही कोपरं गेली होती, बाकी लोकर अजून तजेलदार. काका आता नाहीत. आत्याने तो मला दिला आणि म्हणाली, उसव आणि धाकटीसाठी काहीतरी कर. धाकटी म्हणजे माझी भाची.

हातचा स्वेटर उसवता येतो, कारण त्याचा प्रत्येक भाग आपापल्या कडांसकट विणलेला असतो. यंत्राचा बराचसा माल थान कापून शिवलेला असतो. तो उसवला तर वीतभर तुकडे हाती येतात. मी आधी शिवण सोडवली. आत्याने त्याच लोकरीने इतकी एकसारखी शिवण घातली होती की दोरा आणि टाका वेगळे ओळखायला आतली बाजू खिडकीशी धरावी लागली. शिवणीच्या आत दडलेली लोकर गर्द मरून निघाली आणि बाहेरची उन्हाने तांबूस झालेली. इतकी वर्षं एकाच रंगाचा समजलेला स्वेटर दोन रंगांचा होता. मला त्याचा फार आनंद झाला.

विणकाम खालून वर झालेलं असेल तर उसवायला वरून, बंद केलेल्या टाक्यांपासून सुरुवात करायची. निघालेला धागा शेवयांसारखा कुरळा असतो. तो तसाच विणायला घेऊ नये. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि न पिळता, खाली हलकंसं वजन लटकवून वाळवावी. धागा सरळ होतो. कोपरापाशी तुटलेली टोकं जोडायला गाठ मारली नाही. शुद्ध लोकर असेल तर दोन्ही टोकं थोडी विसकटून, ओली करून तळहातांत जोरात चोळली की एकजीव होतात. ॲक्रिलिक होत नाही.

गर्द आणि फिका असा फरक असल्यामुळे दोन गुंडे घेऊन दोन सुया, म्हणजे दोन ओळी, एकाने, दोन सुया दुसऱ्याने विणते आहे. त्यामुळे कुठे पट्टा दिसत नाही. कोपरांत गेलेली लोकर कमी पडणार, म्हणून मनगटं आणि गळपट्टी मोतिया रंगाची. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की बसते. मरून रंग दिव्याखाली दिसायला जड जातो, म्हणून मांडीवर पांढरा पंचा पसरते, टाके उठून दिसतात. विणताना आत्याचा हात किती घट्ट होता ते जाणवतं: तिने १० सेंटीमीटरमध्ये बसवलेले टाके माझ्या हाताने बसत नाहीत, मला त्याच लोकरीला एक नंबर बारीक सुई लागते. भाचीला अजून काही सांगितलेलं नाही. माप मात्र तिच्या शाळेच्या स्वेटरवरून घेतलं आहे.

मी अकरावीत आहे, मुलगा आहे. विणकाम शिकायचंय. घरचे हसतात. सुरुवात कशाने करू?
— एक वाचक, कोल्हापूर

पेरू देशात तितिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे सुयांवरचं विणकाम पुरुषांचं काम आहे. मुलगे लहानपणीच शिकतात आणि स्वतःच्या टोप्या स्वतः विणतात. युनेस्कोने २००५ साली तिथल्या वस्त्रकलेचा गौरव केला. हे घरी वाचून दाखव.

८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घे, फिक्या रंगाची जाडसर लोकर घे, ४० टाके घाल आणि मफलर होईपर्यंत सगळ्या सुया सुलट विण. प्रत्येक सुईच्या शेवटी टाके मोज. सुरुवातीला ४० चे ४३ होतात, कारण पहिल्या टाक्याच्या वेळी धागा सुईवरून मागे ओढला जातो आणि एकाचे दोन टाके दिसतात. धागा खाली ठेवूनच मागे ने. महिनाभराने मला पुन्हा लिही, मला वाचायचंय.

लोकलमध्ये विणताना धक्का लागून टाका निसटतो आणि खाली पाच-सहा सुया उसवत जातो. सगळं उसवावं लागतं का?
— एक वाचक, डोंबिवली

मुळीच नाही. निसटल्याबरोबर त्या फासात सेफ्टी पिन अडकवा आणि विणत राहा. गर्दीत दुरुस्ती करू नका. घरी आल्यावर क्रोशाची सुई घ्या. सुटलेल्या फासाच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. सुलट बाजू समोर ठेवून क्रोशा पुढून फासात घाला, सगळ्यात खालचा आडवा धागा पकडा आणि फासातून ओढून घ्या. मग त्याच्या वरचा, असं करत वरपर्यंत या आणि टाका डाव्या सुईवर चढवा. एकही पायरी गाळू नका, नाहीतर मागे लोंबता धागा राहतो. उलट टाका असेल तर विणकाम फिरवून मागच्या बाजूने हेच करा. आणि गाडीत लांब सुयांऐवजी गोल सुई वापरा. विणकाम मधल्या तारेवर ढकलून ठेवलं की टाके सुटत नाहीत, आणि शेजारणीच्या कुशीत टोकही जात नाही.