सत्तरीतला गेम: पूर्ण करू की सोडू?

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि जुनी खपली निघाली. सेलमध्ये ‘डेज गॉन’ (झोंबींच्या जगात बाइकवर फिरायचा गेम) घेतलास, बारा-पंधरा तास झाले, कधी मजा येते तर कधी जांभया. साताऱ्यातला मित्र म्हणतो कचरा आहे, डिलीट मार. यूट्यूबवरचा माणूस म्हणतो जगाने या गेमवर अन्याय केला. आणि मेटाक्रिटिकवर (परीक्षणांतल्या गुणांची शंभरपैकी सरासरी दाखवणारी साइट) बघावं तर ७१. आता पुढे खेळू की सोडू, आणि अशा धड ना चांगल्या धड ना वाईट गेमची पारख करायची कशी, हा तुझा प्रश्न. मी सांगलीचा, चाळिशीला टेकलोय, घरचे झोपल्यावर रात्री खेळणारा. म्हणजे हे वेळ कमी असलेल्या माणसाचं मत आहे. कॉलेजात असशील तर यातलं अर्धं सोडून दे. वयाने मोठा म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

सेटिंग, ड्रायव्हर, एफपीएस वगैरेत जात नाही, ते तुला येत असणारच.

आधी त्या ७१ चं बघू. मेटाक्रिटिक गेमला ७५ पासून पुढे हिरवा रंग देतं आणि ५० ते ७४ ला पिवळा. म्हणजे ५२ वाला आणि ७४ वाला एकाच रंगात. लोक तो पिवळा बघतात आणि पुढे सरकतात. या आकड्याने काय काय होतं बघ. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ २०१० चा. ८५ गुण पडले तर बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता, पडले ८४. हे त्यांच्याच ख्रिस अव्हेलोनने २०१२ मध्ये जाहीर सांगितलं. आज त्या गेमची चर्चा करणाऱ्यांपैकी कुणालाही तो ८४ आठवत नाही. त्याच वर्षीचा ‘डेडली प्रिमॉनिशन’ घे. परीक्षणं छापणाऱ्या साइटपैकी आयजीएनने दहापैकी दोन दिले, डिस्ट्रक्टॉइडने दहापैकी दहा. सरासरी काढली तर येतात सहा, पण हा सहाच्या लायकीचा गेम आहे असं त्या दोघांपैकी कुणीच म्हटलं नव्हतं! युरोगेमर या तशाच साइटने २०१५ मध्ये वैतागून गुण देणंच बंद केलं होतं, पण २०२३ मध्ये चांदण्या घेऊन परत आले. लोकांना आकडा लागतोच, त्याला इलाज नाही.

माझ्या मते नव्वदीच्या वर आणि पन्नासच्या खाली आकडा बऱ्यापैकी खरं बोलतो. मधल्या पट्ट्यात तो काहीच सांगत नाही. तिथे आकडा सोडायचा आणि दोष नेमका कुठे बसलाय ते शोधायचं. भातात एखादा खडा लागणं वेगळं आणि भातच करपलेला असणं वेगळं. परीक्षण लिहिणारे दोन्हीला सारखेच गुण कापतात, कारण त्यांना ठरल्या वेळेत गेम संपवून लिहायचं असतं. तुला तसं काही नाही.

म्हणजे कसं? ‘मिरर्स एज’ घे, २००८ चा. त्यातली बंदूकबाजी बेकार आहे यावर सगळ्यांचं एकमत. पण त्यात गोळी झाडायची गरजच नाही. उलट कुणालाही गोळी न घालता गेम संपवलास तर त्याची वेगळी अचीव्हमेंट, म्हणजे गेमकडून शाबासकीचं पदक, मिळते. म्हणजे दोष आहे, पण वळसा घालून जाता येतं, आणि धावणं, उड्या, भिंतीवरून सरकणं हे जे तू मिनिटामिनिटाला करतोस ते झकास आहे. असा गेम मी डोळे झाकून घेईन.

‘मॅड मॅक्स’चं उलटं. १ सप्टेंबर २०१५ ला आला, आणि नशीब बघ, त्याच दिवशी ‘मेटल गिअर सॉलिड ५’ सुद्धा आला. सगळे तिकडे पळाले. ‘मॅड मॅक्स’मध्ये तेच तळ, तेच भंगार गोळा करणं, परत परत. हा दोष मोठा आहे, मी सारवासारव करणार नाही. पण वाळवंटात गाडीला गाडी भिडवायची, भाल्याने समोरच्या गाडीचं चाक उपटायचं, हे दुसरीकडे कुठे मिळतं? मग मी काय केलं, नकाशा साफ करायचा नाद सोडला. गोष्टीला लागेल तेवढंच भंगार गोळा केलं. गेम तोच, पण कंटाळा निम्मा झाला. पुष्कळदा दोष गेममध्ये असतो आणि तो वाढवून घेतो आपण, नकाशावरची प्रत्येक खूण पुसायच्या हट्टापायी.

आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ही याच पट्ट्यातला. २०२० चा. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या प्रयत्नासाठीच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. महाल, भिंतींवरची चित्रं, कळसूत्री सावल्यांत सांगितलेली गोष्ट, हे सगळं बघत राहावं असं. पण कॅमेरा आपल्या हातात नाही, तो एका जागी बसलेला, त्यामुळे उडी मारताना समोरचा खांब किती लांब आहे त्याचा अंदाज येत नाही आणि बिचारी राजी, गेमची नायिका, खाली जाते. लढाई थोड्या वेळाने त्याच त्याच चालीवर येते आणि शेवट एकदम तुटल्यासारखा. आपल्या माणसांनी केलाय म्हणून मी त्याला वाढीव गुण देत नाही. पण पाच-सहा तासांत संपतो, आणि छोट्या गेमचे दोष सहन होतात. तेच दोष चाळीस तासांच्या गेममध्ये असते तर मी शिव्या घातल्या असत्या. लांबी हा पारखीतला मोठा मुद्दा आहे, आणि लोक त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आता तिसरा प्रकार. जो दोष गुणात मोजताच येत नाही तो. इथे मी जरा तापणार आहे, कंटाळा आला तर खालचे दोन परिच्छेद सोडून दे.

गेमचं नाव घेत नाही, कंपनीचंही नाही, लोक तो अजून आवडीने खेळतात आणि मला इथे भांडण नकोय. गेम चांगला होता. लढाई एकसुरी, खुणांची नुसती गर्दी, पण गोष्ट धरून ठेवणारी आणि शहर असं उभं केलेलं की पावसात उगाच फिरत राहावं. पक्का सत्तरीतला. त्यात सेव्हची जागा मात्र एकच. आपण वेगळी सेव्ह करायची सोयच नाही, गेम आपणहून त्याच फाइलवर परत परत लिहीत राहतो. मे महिना, वळवाचा पाऊस, आणि सांगलीच्या विश्रामबागेत आमच्याकडे लाइट गेली ती नेमकी कोपऱ्यात सेव्हचं ते चक्र फिरत असताना. इन्व्हर्टरवर पंखा फिरायला लागला, पीसी मात्र तोवर बंद पडलेला. परत चालू केला तर मेनूत ‘कंटिन्यू’ गायब. नुसतं ‘न्यू गेम’. फोल्डर उघडला, फाइल जागेवर आहे, साइझ शून्य केबी. क्लाउडवर जुनी असेल म्हणून धीर धरला, तर क्लाउडने इमानेइतबारे तीच शून्य केबीची फाइल वर चढवून ठेवलेली. गोष्ट शेवटाला आली होती रे.

त्यांच्या सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. सेव्ह फाइलचा आणि ड्रायव्हरचा काय संबंध? तरी केलं, कळवलं. पुढचं उत्तर दुसऱ्याच माणसाचं: गेमच्या फाइल तपासून घ्या, अँटिव्हायरस बंद करून बघा. तेही केलं. मग तिसऱ्याने डीएक्सडायगची (पीसीची सगळी माहिती काढून देणारी) फाइल मागितली, शून्य केबीचा फोटो मागितला. पाठवलं. मग सामसूम. आणि एक दिवस मेल येतो की तुमच्याकडून प्रतिसाद न आल्यामुळे तिकीट बंद करत आहोत! माझ्याकडून! तिकीट परत उघडलं तर चौथा माणूस, आणि पुन्हा पहिला पाढा, ड्रायव्हर अपडेट करा. शेवटी एकाने सरळ लिहिलं की वीज जाणं हे गेमबाहेरचं कारण आहे, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. त्याच मेलखाली पाच चांदण्या, आमची सेवा कशी वाटली? लाइट जाणं गेमबाहेरचं, मान्य. पण फाइल लिहायची साधी रीत असते. नवी फाइल बाजूला पूर्ण लिहायची, ती नीट उतरली की मग जुनीच्या जागी ठेवायची, आणि मागच्या एक-दोन प्रती राखायच्या. मग लाइट गेली तरी फार तर शेवटची दहा मिनिटं जातात. हे ज्यांनी केलं नाही, त्यांनी आमच्याकडचा पावसाळा बघितलेलाच नाही. आणि हा दोष एकाही परीक्षणात नव्हता. लिहिणाऱ्यांच्या गावात लाइट जात नसणार.

तेव्हापासून गेम घेण्याआधी मी ग्राफिक्सच्या आधी सेव्ह कशी होते ते बघतो. गेमच्या चर्चेच्या पानावर ‘सेव्ह करप्ट’ असं शोधायचं. एखाद-दुसरी तक्रार कुठेही असते. पण ढीगभर तक्रारी असतील आणि बनवणाऱ्यांपैकी कुणी फिरकलेलंच नसेल, तर गेम कितीही गोड असू दे, मी हात लावत नाही. मग पॅचच्या, म्हणजे गेम आल्यानंतर काढलेल्या दुरुस्त्यांच्या, नोंदी वाचायच्या. शेवटचा पॅच कधीचा आहे आणि त्यात लोकांच्या तक्रारीतलं काही दुरुस्त केलंय की नुसते नवे कपडे विकायला काढलेत, हे दोन मिनिटांत कळतं.

यावर कुणीतरी खाली लिहीलच, की ‘सायबरपंक’ सुधारला ना. सुधारला. डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा अशी दशा होती की सोनीने आठवड्याभरात आपल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचनंतर तो खरंच दुसरा गेम झाला. ‘नो मॅन्स स्काय’ही २०१६ मध्ये शिव्या खाऊन नंतर उभा राहिला. पण हे अपवाद. त्यांच्या हातात पैसा होता आणि दुकान चालू होतं. ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’ २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’च्याच दिवशी आला, बगांनी भरलेला, आणि पुढच्या वर्षी तो बनवणारी ट्रॉयका कंपनीच बंद झाली. त्याचे पॅच पुढे वर्षानुवर्षं चाहत्यांनी काढले. म्हणून ‘पुढे सुधारेल’ या आशेवर पैसे टाकू नयेत असं मला वाटतं. आज जसा आहे तसा परवडत असेल तर घ्यायचा.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरची खेळणाऱ्यांची मतं वाचायची असतील तर किती तास खेळलेल्यांची हवीत ते निवडता येतं. सत्तरीतल्या गेमसाठी मी दहा-वीस तास खेळून नापसंती दिलेल्यांचीच वाचतो. अर्ध्या तासात सोडणाऱ्याला काही दिसलेलं नसतं, आणि दोनशे तासवाला प्रेमात पडलेला असतो. मधला माणूस नेमकं सांगतो की कुठे वैतागलो. रिफंडच्या दोन तासांवर मात्र फार विसंबू नकोस. खरेदीपासून चौदा दिवस आणि खेळलेले तास दोनपेक्षा कमी, असा स्टीमचा नियम आहे, आणि हल्ली बऱ्याच गेमचे पहिले दोन तासच सगळ्यात घासूनपुसून केलेले असतात. खरा गेम नंतर उघडतो.

‘डेज गॉन’चं मात्र याच्या बरोबर उलट आहे, तिथे पहिले तासच रडके. म्हणून तुला सांगतो, आत्ता सोडू नकोस. तुला ज्या जांभया येतायत त्या बहुतेक एनईआरओवाल्यांच्या (गेममधल्या सरकारी संस्थेच्या माणसांच्या) मागे गवतातून सरपटायच्या मिशनच्या असणार. दिसलास की खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून. बेकार आहेत, त्यांची बाजू घेणारा अजून भेटायचाय. पण त्या गेममध्ये मिनिटामिनिटाला तू करतोस काय? बाइक चालवतोस. पेट्रोल संपत आलंय, अंधार पडलाय, टाकी भरायला थांबावं तर झाडीतून खरखर ऐकू येते, हे त्याचं खरं सोनं. मिळतील ते क्रेडिट आधी बाइकवर घाल, टाकी मोठी कर, बंदुका नंतर. नकाशा दक्षिणेला लॉस्ट लेककडे उघडेपर्यंत खेळ. पुढे लाकडाच्या वखारीतली झुंड येते, शेकडो फ्रीकर (त्या गेममधले झोंबी) एकदम अंगावर, तू मागे पळत मोलोटोव्ह, म्हणजे पेटत्या बाटल्या, फेकतोयस, फटीतून अंग चोरून निघतोयस. ते बघून ठरव. लॉस्ट लेकला पोचूनही बाइकवर बसायचा कंटाळाच येत असेल तर खुशाल सोड, तुझ्यासाठी भातच करपलाय असं समज. पैसे गेले म्हणून आणखी तीस तास घालवण्यात काही शहाणपण नाही.

जाता जाता, तुझ्याकडे डेस्कटॉप असेल आणि घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघ. बऱ्याच इन्व्हर्टरना असतं आणि बसवणारा माणूस ते सांगत नाही. त्या मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लवकर भार उचलतो, पीसी सहसा बंद पडत नाही. तरी मॉनिटर आणि पीसीपुरता छोटा यूपीएस वेगळा घेतलास तर उत्तम. ‘डेज गॉन’मध्ये बाइकजवळ किंवा बिछान्यावर स्वतः सेव्ह करता येतं, तेव्हा वेगवेगळ्या जागी करत जा, आणि आठवड्यातून एकदा सेव्हचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून ठेव. हे सगळं पीसीचं झालं. पीएस४ वर खेळत असशील तर तिथलं मला फारसं कळत नाही, दुसरं कुणीतरी सांगेल.